स्वस्त भाडे आणि परवडणारे घर : पाचूबंदर परिसराच्या निमित्ताने

प्रश्नाचे स्वरूप

शहरात भाड्याची जागा शोधणाऱ्या कुटुंबाचा पहिला प्रश्न ‘भाडे किती?’ हा असतो, आणि गृहनिवासाच्या पाहण्या करणारे अभ्यासकही बहुधा याच प्रश्नापासून आरंभ करतात. हा प्रश्न आवश्यक आहे. परंतु तो पुरेसा नाही. दरमहा द्यावयाचे भाडे हा घरखर्चाचा केवळ एक घटक होय. अनामत रकमेसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज, दलाली, कामाच्या ठिकाणी जाण्यायेण्याचा खर्च व वेळ, आणि ठराविक मुदतीनंतर घर सोडावे लागण्याची शक्यता हे सर्व घटक त्यात मिळविले म्हणजे स्वस्त दिसणारी खोली महाग ठरते, तर कधी महाग वाटणारी खोलीच परवडते. प्रस्तुत लेखात हा विचार वसईच्या पाचूबंदर परिसराच्या संदर्भात मांडावयाचा आहे. किनाऱ्यावरील जुनी मच्छीमार वस्ती आणि मुंबईच्या लोकलगाडीवर पोसलेले नवे शहर यांची सांधणी येथे झाली असल्यामुळे, भाड्याच्या प्रश्नाची गुंतागुंत या ठिकाणी विशेष स्पष्टपणे दिसते.

जागेची मर्यादा

पाचूबंदर हा वसईच्या खाडीच्या मुखाशी, किल्ल्याच्या जवळ वसलेला कोळीवाडा होय. त्याच्या शेजारी किल्लाबंदर ही तशीच दुसरी वस्ती आहे. मासेमारी आणि तिच्याशी निगडित असलेले व्यवसाय हा येथील जीवनाचा परंपरागत आधार. जाळी विणणे व दुरुस्त करणे, मासळी उतरविणे, बोंबील वाळविणे, तिचा लिलाव व विक्री ही सारी कामे घराच्या ओट्यापासून बंदरापर्यंतच्या जागेतच चालतात. अशा वस्तीत मोकळा दिसणारा प्रत्येक तुकडा रिकामा असतोच असे नाही. तो कोणाचे तरी कामाचे ठिकाण असतो. म्हणून ‘एवढी जागा पडून आहे, तेथे घरे का बांधली जात नाहीत?’ हा बाहेरच्या निरीक्षकाचा प्रश्न येथे गैरलागू ठरतो.

नवीन बांधकामावर दोन कायदेशीर बंधनेही आहेत. किनाऱ्यालगतच्या जमिनीस १९९१ पासून सागरी किनारा नियमनाच्या अधिसूचना लागू झाल्या; पुढे २०११ व २०१९ साली त्यांची नवी रूपे आली. दुसरे बंधन किल्ल्याचे. वसईचा किल्ला केंद्रसंरक्षित स्मारक असून, प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे, आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. ही बंधने निष्कारण नाहीत. परंतु त्यांचा आर्थिक परिणाम मान्य केला पाहिजे : अशा परिसरात घरांचा पुरवठा मागणीच्या प्रमाणात वाढू शकत नाही. वाढतो तो असलेल्या घराच्या पोटातूनच. माळा चढविला जातो, मागील पडवी वेगळी केली जाते, एका खोलीच्या दोन होतात. अशा रीतीने निर्माण झालेली खोली बहुधा ओळखीच्या माणसाला, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर दिली जाते. तिची जाहिरात होत नाही आणि पुष्कळदा तिचा करारही होत नाही.

याउलट स्टेशनाकडील बाजूस पुरवठ्याचे चित्र वेगळे आहे. वसईवरून रेल्वे १८६४ साली धावू लागली, आणि विरारपर्यंतचा मार्ग १९३६ साली विजेवर आला. १९९० साली या उपप्रदेशाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपविण्यात आले. २००९ साली चार नगरपरिषदा व अनेक गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या महानगरपालिकेची लोकसंख्या १२,२२,३९० होती. या वाढीचा भार मुख्यतः रेल्वेच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींनी उचलला. चर्चगेटपासून सुमारे ५२ किलोमीटरांवरील वसई रोड स्टेशन हा भाड्याच्या उतरंडीचा वरचा टोकबिंदू. स्टेशनापासून जसजसे दूर जावे तसतसे भाडे उतरते. पाचूबंदर या उतरंडीच्या किनाऱ्याकडील टोकाला, स्टेशनापासून सुमारे सात किलोमीटरांवर आहे.

खर्चाचा हिशेब

हे उतरते भाडे कोणाला कितपत उपयोगी पडते, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यातील आकडे प्रत्यक्ष पाहणीतील नसून केवळ रीत समजावी म्हणून मानलेले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

समजा, स्टेशनाजवळच्या खोलीचे भाडे दरमहा ९,००० रुपये व अनामत ५०,००० रुपये आहे. बंदराजवळच्या खोलीचे भाडे ६,००० रुपये व अनामत ३०,००० रुपये आहे. वरवर पाहता दुसरी खोली दरमहा ३,००० रुपयांनी स्वस्त आहे. आता कुटुंबाने अनामत रक्कम दरमहा शेकडा दोन व्याजाने उसनी घेतली असे मानू. पहिल्या खोलीसाठी महिन्याचे व्याज १,००० रुपये व दुसरीसाठी ६०० रुपये होईल. एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली अकरा महिन्यांवर विभागली तर ती अनुक्रमे ८१८ व ५४५ रुपये पडते. याप्रमाणे पहिल्या खोलीचा मासिक खर्च १०,८१८ व दुसरीचा ७,१४५ रुपये झाला.

या कुटुंबात मुंबईकडे नोकरीस जाणारी दोन माणसे असतील, तर बंदरापासून स्टेशनापर्यंतचा प्रवासखर्च यात मिळविला पाहिजे. एका फेरीस ३० रुपये, दोन माणसे, दररोज दोन फेऱ्या आणि महिन्याचे २५ दिवस असे धरल्यास तो ३,००० रुपये होतो. म्हणजे दुसऱ्या खोलीचा खर्च १०,१४५ रुपये झाला आणि ३,००० रुपयांचा मूळचा फरक अवघ्या ६७३ रुपयांवर आला. एका फेरीस चाळीस मिनिटे लागतात असे मानले, तर प्रत्येक माणसाचे महिन्याला तेहतीसहून अधिक तास केवळ स्टेशन गाठण्यात व स्टेशनावरून परतण्यात जातात. त्यांची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही.

आता याच दोन खोल्यांचा विचार बंदरावर काम करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने करू. नवरा बोटीवर जातो व बायको मासळीच्या विक्रीत आहे. भरती-ओहोटीच्या वेळा घड्याळाच्या वेळांशी जुळत नाहीत, आणि बोट लागते त्या वेळी वाहन मिळेलच अशी खात्री नसते. या कुटुंबास बंदराजवळची खोली ७,१४५ रुपयांत पडते. तेच कुटुंब स्टेशनाजवळ राहिले, तर त्याच्या १०,८१८ रुपयांत प्रवासाचे ३,००० रुपये मिळवून १३,८१८ रुपये होतात. फरक ६,६७३ रुपयांचा झाला.

खोल्या त्याच, भाडी तीच. परंतु एका कुटुंबाच्या लेखी त्यांतील अंतर ६७३ रुपयांचे व दुसऱ्याच्या लेखी ६,६७३ रुपयांचे आहे. यावरून निघणारे अनुमान महत्त्वाचे आहे. ‘परवडणे’ हा खोलीचा गुण नाही. खोली, कामाची जागा आणि कुटुंबाची रचना यांच्यातील तो एक संबंध आहे. भाडे उत्पन्नाच्या अमुक टक्क्यांहून अधिक नसावे, हा सर्वपरिचित निकष या संबंधाची दखल घेत नाही. अमेरिकेत सार्वजनिक घरांच्या बाबतीत १९६९ साली हा निकष उत्पन्नाच्या २५ टक्के असा ठरविण्यात आला व १९८१ साली तो ३० टक्क्यांवर नेण्यात आला. प्रशासनाच्या सोयीसाठी असा आकडा लागतो, हे खरे. परंतु भाडे, प्रवास व व्याज देऊन झाल्यावर कुटुंबाच्या हातात अन्न, औषध व शिक्षण यांसाठी काय उरते, ही विचारण्याची रीत अधिक बोलकी आहे.

पाचूबंदरच्या दृष्टीने यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. स्टेशनाजवळची भाडी वाढली म्हणजे तेथून मागे हटलेली मागणी किनाऱ्याकडे सरकते. मुंबईकडे जाणाऱ्या कुटुंबास येथे फारशी बचत होत नसली, तरी लहान अनामत हे त्याचे मोठे आकर्षण असते. कारण ५०,००० रुपये एकदम उभे करणे ही पुष्कळांच्या शक्तीबाहेरची गोष्ट होय. फेब्रुवारी २०२४ मध्ये किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदरकडे रो-रो सेवा सुरू झाली. दळणवळणात अशी भर पडते तेव्हा दूर समजली जाणारी जागा जवळची होते, आणि जवळीक वाढली की कालांतराने भाडेही वाढू लागते. अशा वेळी झळ कोणास लागेल, हे वरील हिशेबावरून उघड आहे. विभक्त होऊन वेगळी चूल मांडू पाहणारे कोळी जोडपे आणि बोटीवर मजुरीस आलेला खलाशी यांना या भाड्याच्या खोलीस दुसरा पर्याय नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत उत्पन्न थांबते, परंतु भाडे थांबत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर खोली भाड्याने देणाऱ्या घरास याच दोन महिन्यांत त्या भाड्याचा आधार होतो. तेव्हा घरमालक श्रीमंत व भाडेकरू गरीब अशी सरळ विभागणी या वस्तीस लागू करता येणार नाही.

अकरा महिन्यांची मुदत

भाडे व प्रवास यांच्याइतकाच महत्त्वाचा तिसरा घटक मुदतीचा. आपल्याकडे जागा अकरा महिन्यांच्याच कराराने मिळते, आणि ‘कायदाच तसा आहे’ असा समज सर्वत्र आढळतो. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा आरंभ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली झाला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याच्या आधारे प्रमाण भाडे ठरविले आणि भाडेकरूस घराबाहेर काढण्यावर कडक निर्बंध घातले. युद्धोत्तर टंचाईत व फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या लोंढ्यात या कायद्याने असंख्य कुटुंबांस संरक्षण दिले. परंतु दशके उलटली तरी प्रमाण भाडे जवळजवळ तेथेच गोठून राहिले. चाळी दुरुस्तीवाचून खचू लागल्या, आणि खरे भाडे पागडीच्या रूपाने वसूल होऊ लागले. भाडेकरूचे हक्क टाळण्यासाठी घरमालक ‘भाडेपट्टा’ हा शब्दच सोडून ‘वापराची परवानगी’, म्हणजे लीव्ह अँड लायसन्स, देऊ लागले. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षाच्या १ फेब्रुवारी रोजी जागेत असलेल्या अशा परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. त्यामुळे त्यांचे रक्षण झाले. परंतु यापुढे जागा भाड्याने देणे म्हणजे ती गमावणे, ही भीती घरमालकांच्या मनात कायमची बसली.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात, गोठविलेले प्रमाण भाडे आता वाजवी राहिलेले नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्यातील दोन कलमे भाडेकरूने व अभ्यासकाने अवश्य समजून घ्यावीत. कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपताच जागेचा ताबा परत मिळविण्याचा हक्क घरमालकास आहे, आणि मुदतीनंतर राहणाऱ्या परवानाधारकास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. कलम ५५ नुसार भाड्याचा वा परवान्याचा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती त्याने पार पाडली नाही, तर कराराच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात.

मग अकरा महिने आले कोठून? १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे सक्तीचे आहे. नोंदणीचा खर्च व खटपट टाळण्यासाठी मुदत वर्षाच्या आत, म्हणजे अकरा महिन्यांची, ठेवण्याची प्रथा पडली. परंतु महाराष्ट्रात १९९९ च्या अधिनियमाने सर्वच करारांची नोंदणी आवश्यक केल्यावर या प्रथेचा मूळ हेतूच नाहीसा झाला. कलम २४ चे संरक्षणही अकरा महिन्यांच्या करारास जितके मिळते तितकेच तेहतीस महिन्यांच्या करारास मिळते. मुद्रांक शुल्काच्या बाबतीत साठ महिन्यांपर्यंतच्या परवान्यास एकाच पद्धतीचा दर लावला जातो. सारांश, कारण संपले तरी रूढी उरली आहे.

या रूढीची किंमत मात्र खरी आहे आणि ती भाडेकरू भरतो. दर अकरा महिन्यांनी दलाली, टेम्पोचे भाडे, बुडालेली मजुरी, मुलांच्या शाळेची अदलाबदल आणि पत्ता बदलल्यामुळे शिधापत्रिकेपासून मतदारयादीपर्यंत सर्वत्र करावी लागणारी धावपळ त्याच्या वाट्यास येते. वरील उदाहरणात मुदत तेहतीस महिन्यांची धरली, तर स्टेशनाजवळच्या खोलीवरील दलालीचा मासिक भार ८१८ रुपयांवरून सुमारे २७३ रुपयांवर येतो. भाड्यात एक रुपयाही कमी न होता घर तेवढे स्वस्त झाले. मुदत ठरविताना दरवर्षीच्या भाडेवाढीचे प्रमाण करारातच लिहून ठेवल्यास घरमालकाचीही हानी होत नाही.

येथे पाचूबंदरसारख्या वस्तीची अडचण वेगळी आहे. शब्दावर दिलेल्या खोलीत दलाली नसते, अनामत लहान असते व ओळखीमुळे मुदतही पुष्कळदा लांबते. परंतु लेखी करार नसल्यामुळे भाडेकरूजवळ पत्त्याचा पुरावा नसतो आणि वाद उद्भवल्यास भाड्याची पावतीही नसते. शिवाय ओळख हीच जेथे पात्रता असते, तेथे अनोळखी जात, धर्म वा प्रांत यांच्या माणसास दार उघडत नाही. विश्वासाचा व्यवहार स्वस्त पडतो खरा. पण तो ज्याच्यावर विश्वास ठेवला जातो त्याच्यापुरताच.

मुंबईचा पूर्वानुभव

स्वस्त खोल्या बांधून दिल्या म्हणजे प्रश्न सुटेल, असे कोणास वाटेल. याविषयी मुंबईचा अनुभव उद्बोधक आहे. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने कामगारांसाठी २०७ चाळी उभारल्या. वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडवर ३२ व शिवडीस १२ अशी त्यांची वाटणी होती. एका चाळीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एकेका खोलीत अनेक कुटुंबे कोंबलेल्या त्या मुंबईत या चाळी तत्काळ भरून जावयास हव्या होत्या; परंतु आरंभीची काही वर्षे, विशेषतः वरळीच्या, पुष्कळ खोल्या रिकाम्या राहिल्या. भाडे कामगाराच्या मिळकतीच्या मानाने अधिक होते, आणि वरळीस वाहनांची, बाजाराची व दिवाबत्तीची सोय अपुरी होती. कामगाराने खोलीचा हिशेब गिरणीपासूनच्या अंतरासह केला होता; सरकारने तो भिंतींपुरता केला होता.

२००८ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने भाड्याच्या घरांची योजना आखली, तेव्हाही खोलीचे माप १६० चौरस फूटच ठरले. वाढीव चटईक्षेत्राच्या मोबदल्यात विकासकांनी प्राधिकरणास खोल्या बांधून द्यावयाच्या होत्या. पुढे योजनेचे रूप पालटले. पनवेलजवळ कोन येथे बांधलेली घरे भाड्याने न जाता २०१६ च्या सोडतीने गिरणी कामगारांना मालकीने देण्यात आली. घर म्हणजे मालकीचेच घर, ही धारणा आपल्या धोरणात किती खोल रुजली आहे, हे यावरून दिसते. देशाच्या नागरी भागात १९६१ साली निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहत होती. २०११ साली हे प्रमाण एकचतुर्थांशाहून किंचित अधिक उरले. त्याच जनगणनेत शहरांतून सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली, आणि २०१२ साली केंद्र सरकारच्या तज्ज्ञ गटाने नागरी घरांची तूट १ कोटी ८७ लाख ८० हजार एवढी सांगितली. तुटीचा फार मोठा भाग बेघरांचा नसून दाटीने राहणाऱ्या कुटुंबांचा होता. रिकामी घरे आणि दाटीची घरे एकाच वेळी आढळतात, याचा अर्थ उणीव केवळ विटांची नाही. घर आणि कुटुंब यांची गाठ घालून देणाऱ्या व्यवहाराचीही आहे.

पाहणीसाठी काही सूचना

वरील विवेचनावरून पाहणी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. प्रश्नावलीत भाड्याच्या रकाण्यापुढे अनामत रक्कम आणि ती कशी उभारली याची नोंद असावी. कुटुंबातील प्रत्येक मिळवत्या व्यक्तीच्या कामाचे ठिकाण, जाण्यायेण्याचा खर्च व वेळ ही स्वतंत्रपणे विचारावीत. ‘या घरात किती दिवस आहात?’ याबरोबर ‘गेल्या पाच वर्षांत किती घरे बदलली व का?’ हेही विचारावे. करार लेखी आहे काय व नोंदविलेला आहे काय, हा प्रश्न विचारताना उत्तर देणाऱ्यास त्याचा जाच होणार नाही, अशी काळजी घ्यावी. पाण्याची सोय घरात आहे की बाहेरून पाणी विकत घ्यावे लागते, हेही भाड्याचाच भाग समजून नोंदवावे. मच्छीमार वस्तीत पाहणी हंगामात एकदा व मासेमारी बंदीच्या काळात एकदा अशी दोनदा करणे इष्ट. कारण एकाच कुटुंबाची देण्याची शक्ती या दोन काळांत सारखी नसते.

घर शोधणाऱ्या कुटुंबासही याच प्रश्नांचा उपयोग आहे. भाडे ठरविण्यापूर्वी प्रवासाचा व व्याजाचा हिशेब मांडावा, अकरा महिन्यांऐवजी अधिक मुदत मागावी, वाढ किती व केव्हा हे लिहून घ्यावे, आणि नोंदणी ही घरमालकाने केलेली मेहरबानी नसून त्याचे कर्तव्य आहे हे जाणून असावे. पाचूबंदरच्या एखाद्या माळ्यावरील खोली बंदरावर राबणाऱ्या कुटुंबाच्या हातून गेली, तर नगराच्या आकडेवारीत केवळ एका भाडेकरूची जागा दुसऱ्याने घेतलेली दिसेल. परंतु त्या कुटुंबाचे बंदरावरचे काम दरमहा काही हजार रुपयांनी महागलेले असेल, आणि हा बोजा भाड्याच्या कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही. तो दिसेल असे तक्ते तयार करणे, हे आपल्या विभागासारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांच्या आवाक्यातील काम आहे.